उंबरठ्यावरची पूड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पुष्कळ काळ्या बायकांच्या घोट्याला एक दोरा बांधलेला असे आणि त्या दोऱ्यात चांदीचं एक नाणं ओवलेलं असे. दहा सेंटचं, म्हणजे डाइम. खिळा ठोकून कडेला भोक पाडलेलं. कुणी ते गळ्यात घाली, कुणी बुटात टाचेखाली ठेवी. १९१६ ते १९४५ या काळात पाडलेल्या डाइमवर पंखांची टोपी घातलेला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा होता. लोक त्याला मर्क्युरी डाइम म्हणत, आणि त्यातही लीप वर्षाचं नाणं मिळालं तर ते अधिक गुणाचं मानत. नाणं लखलखीत आहे तोवर घोर नाही. ते काळं पडलं की समजायचं, आपल्या वाटेत कुणीतरी काहीतरी टाकलंय आणि आपण ते ओलांडलंय.

या समजुतीला रसायनशास्त्राचा थोडा आधार आहे. त्या काळच्या डाइममध्ये ९० टक्के चांदी असे, आणि चांदीचा गंधकाशी संबंध आला की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. करणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘गूफर डस्ट’ नावाच्या पुडीत कबरस्तानातली माती आणि सापाच्या वाळलेल्या कातडीची पूड असे, तसंच बहुतेक वेळा गंधकही असे. अर्थात घाम आणि दमट हवा यांनीही चांदी काळवंडते. जॉर्जिया किंवा मिसिसिपीच्या उन्हाळ्यात घोट्यावरचं नाणं आज ना उद्या काळं पडणारच होतं. त्यामुळे नाणं काळं का पडलं याहून ते काळं पडल्यावर काय करायचं, याला महत्त्व होतं. हूडू ही परंपरा समजून घ्यायची तर तिच्या करणीइतकंच तिच्या धुण्यापुसण्याकडे पाहावं लागतं.

हूडू म्हणजे अमेरिकेत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी आणि त्यांच्या वंशजांनी घडवलेली लोकविद्या. तिला ‘रूटवर्क’ किंवा ‘कॉन्ज्युअर’ असंही म्हणतात आणि ती जाणणाऱ्याला ‘रूट डॉक्टर’. हैतीच्या व्होडूशी तिची नेहमी गल्लत होते. व्होडू हा धर्म आहे, त्याला दैवतं आहेत, पुरोहित आहेत, दीक्षा आहे. हूडूला देऊळ नाही आणि स्वतंत्र देवही नाही. तिच्याकडे वळणारी बाई रविवारी बहुधा बॅप्टिस्ट चर्चमध्येच जाई आणि करणी उतरवताना बायबलमधली स्तोत्रंच म्हणे.

आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या माणसांची संख्या सुमारे ३ लाख ८८ हजार होती. त्यांतले पुष्कळजण काँगो आणि अंगोलाच्या प्रदेशातले, बरेच सेनेगल-गँबियाकडचे. काँगोकडे ‘न्किसी’ची कल्पना होती: माती, मुळ्या, शिंपले, खिळे अशा वस्तू एका पिशवीत किंवा मूर्तीत बांधायच्या, म्हणजे त्यात शक्ती वस्तीला येते. लाल फ्लॅनेलच्या कापडात मुळ्या बांधून अंगावर लपवायची ‘मोजो’ पिशवी या कल्पनेच्या घराण्यातली आहे. पुढे तिच्यात स्थानिक आदिवासींकडून कळलेल्या वनस्पती आल्या, आणि जर्मन व इंग्रज वसाहतवाल्यांच्या मंत्रपोथ्यांतला मजकूरही आला.

ही परंपरा किती जुनी, याचा एक ठोस पुरावा मेरीलँडच्या ॲनापोलिस गावात जमिनीखाली सापडला. २००८ साली मेरीलँड विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ मार्क लिओनी यांच्या चमूला फ्लीट स्ट्रीट या रस्त्याखाली मातीचा एक घट्ट गोळा मिळाला. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा आत शिशाचे छर्रे, लोखंडी खिळे आणि टाचण्या खच्चून भरलेल्या दिसल्या. वरच्या बाजूने दगडी कुऱ्हाडीचं एक पातं बाहेर आलेलं होतं. हे गाठोडं साधारण १७०० सालच्या आसपासचं. गावातल्या गोऱ्या घरमालकांच्या पायाखाली तीनशे वर्षं एक आफ्रिकी गाठोडं पडून होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

हूडूतली करणी प्रामुख्याने पायातून चढते. ज्याचं वाईट करायचं त्याच्या उंबरठ्यावर, पायरीवर किंवा रोजच्या वाटेवर पूड टाकायची, कधी नागमोडी रेघेत, कधी फुलीच्या आकारात, आणि मनात त्याचं नाव घ्यायचं. दहाजण त्यावरून गेले तरी बाधा नाव घेतलेल्यालाच होणार. दुसरी रीत याच्या उलट: माणूस मातीतून चालत गेला की त्याच्या पावलाच्या ठशातली माती उचलायची, बाटलीत भरायची आणि वाहत्या पाण्यात सोडायची. मग तो माणूस एका जागी टिकत नाही, भटकत राहतो. लाल मिरची, मीठ आणि गंधक यांची ‘हॉट फूट’ पूड तर नको असलेल्या माणसाला गावाबाहेर काढण्यासाठीच असते. मिसिसिपीचा ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन याने १९३७ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘हेलहाउंड ऑन माय ट्रेल’मध्ये दाराभोवती टाकलेल्या अशाच पुडीचा उल्लेख आहे. त्याच्या श्रोत्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नसे.

करणीची लक्षणंही ठरलेली. आधी पाय सुजतात, जळजळतात, मग अन्न जात नाही. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे अंगात काहीतरी जिवंत फिरू लागतं. कातडीखाली साप सरपटतोय, पोटात सरडा किंवा बेडूक वाढतोय, अशी तक्रार घेऊन माणसं रूट डॉक्टरकडे येत.

डॉ. क्लिफ्टन मेडर यांनी १९९२ साली ‘सदर्न मेडिकल जर्नल’मध्ये अलाबामातली एक जुनी हकिगत नोंदवली. १९३८ सालची ही गोष्ट. एक प्रौढ काळा माणूस इस्पितळात खंगत चालला होता, तपासण्यांत काही सापडत नव्हतं. अखेर त्याच्या बायकोने तिथल्या डॉक्टरांना एकीकडे घेऊन सांगितलं, की एका मांत्रिकाने याला रात्री कबरस्तानात गाठून ‘तू मरणार’ असं बजावलंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्या नातेवाइकांना खाटेभोवती बोलावलं. आपण त्या मांत्रिकाला गाठलं, त्याचा गळा धरून त्याला बोलतं केलं, त्याने तुझ्या पोटात सरड्याची अंडी घातली होती आणि त्यातला एक सरडा तुला आतून खातोय, असं त्यांनी रोग्याला ठणकावून सांगितलं. मग उलटी होण्याचं इंजेक्शन दिलं आणि रोगी ओकत असताना पिशवीतून आणलेला हिरवा सरडा हळूच भांड्यात सोडला. रोगी गाढ झोपला. जागा झाला तो भूक लागल्याचं सांगतच. पुढे तो कित्येक वर्षं जगला.

ही गोष्ट बहुधा भोळ्या रोग्याची आणि चतुर डॉक्टराची म्हणून सांगितली जाते. तसं सांगणं अन्यायाचं आहे. त्या डॉक्टरांनी जे केलं तेच दक्षिणेतले रूट डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते: रोग्याच्या दुखण्याला नाव द्यायचं, त्याचा कर्ता सांगायचा, बाधा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर काढायची. १९९४ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगनिदानाच्या नियमावलीत ‘रूटवर्क’ला विशिष्ट संस्कृतीशी निगडित विकारांच्या यादीत स्थान दिलं. पोटाच्या तक्रारी, सतत भीती, कुणी विषप्रयोग करेल ही धास्ती, अशी लक्षणं तिथे नोंदवलेली आहेत.

रूट डॉक्टर पहिल्यांदा एकच गोष्ट ठरवी. दुखणं साधं की लावलेलं? त्यासाठी पत्ते मांडी किंवा हाडं टाकून पाही. लावलेलं असेल तर लावलेली वस्तू शोधायची. पायरीखाली, चुलीजवळच्या विटेमागे, अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी पुरलेली बाटली किंवा चिंधीची पुरचुंडी असे, तिच्यात केस, टाचण्या, मुळ्या. ती सापडली की जाळायची किंवा वाहत्या पाण्यात टाकायची. या कामात माणसापेक्षा तरबेज मानली जाई ती उलट्या, कुरळ्या पिसांची कोंबडी. इंग्रजीत तिला फ्रिझल म्हणतात. अंगणात अशी एक कोंबडी सोडून ठेवली की ती दिवसभर माती उकरते आणि कुणी काही पुरलं असेल तर ते वर काढते, हा विश्वास दक्षिणेत सगळीकडे होता. गरीब घरात अंडीही देणारी याहून चांगली राखणदार कोण मिळणार?

घर धुण्याचेही नियम होते. घरातली पीडा काढायची असेल तर फरशी मागच्या दारापासून पुढच्या दाराकडे पुसत यायचं आणि घाण पाणी पुढच्या दाराने बाहेर लोटायचं. घरात काही आणायचं असेल, गिऱ्हाईक, पैसा, रुसलेला नवरा, तर हीच कृती उलट, रस्त्याकडून आत. पाण्यात अमोनिया किंवा मीठ, कुठे गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल, आणि पुष्कळ ठिकाणी सकाळची पहिली लघवी. न्यू ऑर्लिन्समध्ये लाल विटेची बारीक पूड करून तिने दारापुढच्या पायऱ्या घासत, म्हणजे वाईट हेतूने येणाऱ्याला ती रेषा ओलांडता येत नाही. भिंतींना जुनी वर्तमानपत्रं चिकटवत. थंडी अडे हा फायदा होताच, पण असंही मानत, की रात्री छातीवर बसायला येणाऱ्या ‘हॅग’ला आत शिरण्याआधी त्यातला शब्द न्‌ शब्द वाचावा लागतो, आणि तोवर उजाडतं. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचे गल्ला-गीची लोक दारं-खिडक्या आणि व्हरांड्याचं छत फिकट निळ्या रंगाने रंगवत. अठराव्या शतकात याच किनाऱ्यावर गुलामांच्या श्रमावर निळीचे मळे उभे राहिले होते. मालकाला पैसा देणारा रंग मजुरांनी आपल्या झोपडीच्या रक्षणाला लावला.

सगळ्यात तपशीलवार असते ती माणसाची आंघोळ. तिच्यासाठी एजोब लागतो. मराठी बायबल वाचणाऱ्यांना या वनस्पतीचं नाव ओळखीचं असेल, कारण ५१व्या स्तोत्रात दावीद राजा एजोबाने आपली शुद्धी करण्याची याचना करतो. वाळलेला एजोब पाण्यात उकळून काढा गाळायचा. पहाटे, सूर्य उगवण्याआधी, कपडे धुण्याच्या पत्र्याच्या टबात उभं राहायचं आणि स्तोत्र म्हणत तो काढा डोक्यावरून ओतायचा. हात फिरवायचा तो वरून खाली. डोकं, खांदे, पोट, मांड्या, आणि शेवटी तळपाय, कारण चढलेलं तिथूनच उतरायचं असतं. खालून वर हात फिरवला तर ते ओढून घेणं होतं, म्हणून करणी उतरवताना ती चूक चालत नाही. अंग टॉवेलने पुसायचं नाही, हवेवर सुकू द्यायचं. टबातलं थोडं पाणी भांड्यात घेऊन चौरस्त्यावर जायचं, उगवत्या सूर्याच्या दिशेला ते फेकायचं आणि मागे वळून न पाहता घरी यायचं. नेट लावायचा असेल तर हे सलग नऊ दिवस.

या आंघोळीतला चौरस्ता आणि पाणी काँगोकडचं, स्तोत्र युरोपातून आलेलं, एजोब भूमध्य सागराकाठचा. ही सगळी विद्या टिकली याचं कारण मात्र तिला लागणाऱ्या वस्तू: टब, पाणी, मीठ, झाडू, नीळ. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला या गोष्टी कुणाकडे मागाव्या लागत नव्हत्या. दिवसभर मालकिणीची फरशी पुसणारे हात पहाटे स्वतःसाठी तेच काम करत, आणि या वेळी त्यातून काय जायचं आणि काय राहायचं हे त्या बायका स्वतः ठरवत.

दूरदेशीच्या काही वस्तूही हूडूच्या कपाटात होत्या आणि त्यांतल्या दोन मराठी स्वयंपाकघराला आणि आजीबाईच्या बटव्याला परक्या नाहीत. साथीच्या दिवसांत दक्षिणेतली मुलं गळ्यात हिंगाची पुरचुंडी बांधून शाळेत जात. आणि कुलिंजनाची मुळी कोर्टाच्या कामाला लागे. खटल्याच्या दिवशी ती चघळायची आणि रस न्यायाधीशाच्या वाटेवर थुंकायचा, म्हणजे त्याचं मन वळतं.

कोर्टासाठी वेगळी मुळी का असावी, याचं उत्तर इतिहासात आहे. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १७४८ साली गुलामांनी औषध तयार करणं किंवा देणं हाच मृत्युदंडाचा गुन्हा ठरवला. मालकांना विषाची धास्ती होती. १८२२ साली चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी याने उठावाचा बेत आखला तेव्हा त्यातला मांत्रिक गल्ला जॅक याने साथीदारांना संरक्षणासाठी खेकड्याच्या नांग्या दिल्या होत्या. बेत फुटला आणि दोघेही फासावर गेले.

फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ सालच्या आत्मचरित्रातला प्रसंग सगळ्यांत प्रसिद्ध आहे. १८३४ साली, सोळाएक वर्षांचे असताना, त्यांना एडवर्ड कव्ही नावाच्या ‘गुलामांना वठणीवर आणणाऱ्या’ शेतकऱ्याच्या हाती दिलं होतं. बेदम मार खाऊन पळालेल्या डग्लस यांना सँडी जेन्किन्स या दुसऱ्या गुलामाने एक मुळी दिली आणि ती कायम उजव्या बाजूला बाळगायला सांगितलं. डग्लस यांचा विश्वास नव्हता, पण त्यांनी ती घेतली. सोमवारी कव्हीने हात टाकला तेव्हा डग्लस उलटले. झुंज जवळजवळ दोन तास चालली आणि त्यानंतर कव्हीने त्यांच्यावर पुन्हा हात उचलला नाही.

हेन्री बिब यांचा अनुभव वेगळा. १८४९ सालच्या आपल्या आत्मकथनात ते सांगतात, की मालकाने मारू नये म्हणून त्यांनी पैसे मोजून तुरटी, मीठ वगैरेंची पूड घेतली. नंतर दुसऱ्या मांत्रिकाच्या सांगण्यावरून शेण, लाल मिरची आणि गोऱ्या माणसांचे केस भाजून, दळून ती पूड मालकाच्या खोलीत टाकली. चाबूक थांबला नाही. आता पळून जाणं हाच उपाय, असं बिब यांनी ठरवलं आणि अखेर ते पळाले. या दोन्ही साक्षी शेजारी ठेवून वाचायला हव्यात. मुळीने चाबूक अडवला नाही. पण ज्याचं शरीरसुद्धा कायद्याने दुसऱ्याचं होतं त्याच्या हाती, स्वतःहून काही करता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

गुलामी १८६५ साली संपली, पण ज्युरी बहुतांशी गोरीच राहिली. दक्षिण कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावरचे स्टेफनी रॉबिन्सन ऊर्फ ‘डॉ. बझर्ड’ यांची ख्याती याच कारणाने पसरली. रंगीत काचांचा चष्मा लावून ते कोर्टात येऊन बसत आणि मुळी चघळत राहत. नुसतं त्यांना पाहून साक्षीदार अडखळत, असं सांगतात. तिथल्या ब्यूफर्ट काउंटीत १९२६पासून १९६३पर्यंत शेरीफ असलेले गोरे अधिकारी जे. ई. मॅक्टीर यांनी त्यांच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली. रॉबिन्सन १९४७ साली वारले. गंमत नाही, खरी गोष्ट आहे: निवृत्तीनंतर मॅक्टीर स्वतःच करणी उतरवून देऊ लागले, कारण लोक त्यांच्याकडे त्यासाठी येत होते.

हूडूला केवळ जुलमाविरुद्धचं शस्त्र म्हटलं तर मात्र चित्र अर्धवट राहतं. नोंदलेल्या बहुतेक करण्या मालकावर नाहीत. त्या सवतीवर आहेत, सोडून गेलेल्या प्रियकरावर, चार पैसे जास्त कमावणाऱ्या शेजाऱ्यावर. संशयाने घरं मोडली, निष्पाप म्हाताऱ्यांवर आळ आले. हे दुःख आपसातलं होतं आणि त्याची किंमतही आपसातच मोजली गेली.

या नोंदी मिळाल्या त्या मुख्यतः दोन माणसांमुळे. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्यांच्या गावात वाढलेल्या लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्याकडे शिक्षण घेतलं आणि १९२८च्या सुमारास न्यू ऑर्लिन्समध्ये एकेका गुरूकडे शिष्या म्हणून राहिल्या. एका दीक्षेत त्या सापाच्या कातडीवर पालथ्या, विवस्त्र आणि उपाशी ६९ तास पडून होत्या, असं त्या ‘म्यूल्स अँड मेन’ (१९३५) या पुस्तकात लिहितात. दुसरे हॅरी मिडलटन हायट, गोरे एपिस्कोपल धर्मगुरू. त्यांनी मुख्यतः १९३६ ते १९४० या काळात गावोगाव फिरून सुमारे १,६०० माणसांच्या मुलाखती मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचे पाच जाडजूड खंड १९७० ते १९७८ या काळात निघाले. हर्स्टन आतून सांगतात, हायट बाहेरून ऐकतात. हर्स्टन यांचं लेखन वाचताना माणसं दिसतात, हायट यांच्या खंडांत कृतीमागून कृती येते. तरी त्यांनी बोलीतलं बोलणं जसंच्या तसं ठेवलं, हे त्यांचे उपकार.

तोवर बाजारही उभा राहिला होता. शेतं सोडून शिकागोला आलेल्या काळ्या कुटुंबांना रानातली मुळी मिळेना, तेव्हा शिकागोच्या किंग नॉव्हेल्टीसारख्या कंपन्या टपालाने ती पाठवू लागल्या. फसवणुकीचा खटला टाळण्यासाठी जाहिरातीत ‘असं म्हणतात’ची जोड असे आणि मालावर ‘केवळ शोभेची वस्तू’ असा शिक्का. समाजशास्त्रज्ञ कॅट्रिना हॅझर्ड-डोनाल्ड यांनी २०१२ सालच्या ‘मोजो वर्किन’’ या पुस्तकात जुनं हूडू आणि हे विकाऊ हूडू यांत फरक केला आहे. तो पटतो. रानातली मुळी खणणारा रूट डॉक्टर रोग्याला, त्याच्या शेजाऱ्यांना आणि त्यांच्यातल्या भांडणांना ओळखत असे. सुगंधी तेलाची बाटली यातलं काहीच ओळखत नाही.

२०२५ साली रायन कूगलर यांच्या ‘सिनर्स’ या चित्रपटात १९३२ सालच्या मिसिसिपीतली ॲनी नावाची रूटवर्क करणारी बाई आली. भूमिका वुन्मी मोसाकू यांची. तिने आपल्या माणसासाठी केलेली मोजो पिशवी तो गळ्यात घालतो. हॉलिवूडने दशकानुदशकं अशा बाईला भुताटकीची सजावट म्हणून किंवा हसण्यासाठी वापरलं. इथे ती लेकरू गमावलेली आई आहे, गावाची वैद्य आहे, आणि समोर काय उभं आहे हे सगळ्यांत आधी तिलाच कळतं. स्वार्थमोर कॉलेजच्या धर्माभ्यासक यव्होन शिरो, ज्यांनी २००३ साली काळ्या अमेरिकनांच्या कॉन्ज्युअर परंपरेवर ग्रंथ लिहिला, त्या या चित्रपटाच्या सल्लागार होत्या.